जुन्या सँट्रोचा फ्युएल पंप घरीच बदलायचाय, कोणी केलंय का?

कराडकर_पुण्यात

नमस्कार मंडळी. गाडी २००७ ची सँट्रो झिंग, पेट्रोल, वरून बाहेर बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट. पंधरा वर्षं झाल्यावर परत पासिंग करून घेतलंय, २०२७ पर्यंत कागद ओके, त्यामुळे विकून टाक वगैरे सल्ले कृपया नकोत, घरात रोज ऐकतो.

प्रॉब्लेम असा की पेट्रोलवर गाडी वैताग देतेय. सकाळी लांबच लांब सेल्फ मारावा लागतो. गरम असताना बंद केली आणि लगेच लावायला गेलं की उचलतच नाही, जरा थांबलं की मग आपोआप चालू होते जसं काही झालंच नाही. आणि गावाला जाताना खंबाटकी चढायला लागलो, नेमका गॅस संपला आणि पेट्रोलवर आली की झटके, ॲक्सिलेटर पूर्ण दाबला तरी ओढत नाही, मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून जीव घेतात. सीएनजीवर मात्र एकदम मक्खन चालते. मागच्या सीटखालून घूंऽऽ असा आवाज येतो, आधी एवढा यायचा नाही.

गॅरेजवाल्याने बोनेटसुद्धा नीट उघडलं नाही, आवाज ऐकला आणि पंप गेला म्हणाला. पूर्ण असेंब्ली घालायची, साडेआठ हजार. माझ्याकडे सॉकेट सेट आहे, मल्टीमीटर आहे, ब्रेक पॅड आणि प्लग घरी बदलतो. सीट उचलली की खालीच पंप असतो असं ऐकलंय. घरी होण्यासारखं काम आहे का? पप्पा म्हणतात बाकी काय करायचं ते कर, पेट्रोलच्या टाकीशी खेळू नको.

नटबोल्ट_नाना

होतंय की भावा, एवढं काय त्यात. सीटची गादी उचल, खाली कार्पेट, त्याखाली पत्र्याचं झाकण, स्क्रू काढ, खाली पंपाचं डोकं दिसेल. वॅगन आर किंवा ऑल्टोवाल्यांना विचार, त्यांना टाकीच खाली उतरवायला लागते, जॅकवर गाडी आणि छातीवर टाकी. तुझं तर बसल्या जागी काम आहे. अख्खी असेंब्ली घेऊ नको, आतली फक्त मोटर मिळते, बॉशची वगैरे, नाना पेठेत फिर, अर्ध्याहून कमीत होईल.

आयटीआय_वर्कशॉप

नाना, थांबा जरा. पार्ट आणायला पाठवायच्या आधी पंपच गेलाय हे तर ठरू द्या.

मी मोटर मेकॅनिक ट्रेडला शिकवते, दर बॅचला हीच चूक बघते. गाडी पेट्रोल ओढत नाही म्हटलं की पोरं थेट पंपावर उडी मारतात. पंप हा त्या साखळीतला एक तुकडा आहे. त्याच्या आधी फ्यूज, रिले, वायर, अर्थिंग. त्याच्या पुढे जाळी, फिल्टर, प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर.

कराडकर, तुमच्या केसमध्ये एक गोष्ट फार चांगली आहे, ती म्हणजे सीएनजीवर गाडी व्यवस्थित चालते. त्यामुळे प्लग, कॉइल, क्रँक सेन्सर, कॉम्प्रेशन ही सगळी मंडळी बाजूला झाली, कारण ती दोन्ही इंधनांना एकच असतात. गरम झाल्यावर बंद पडणं हे क्रँक सेन्सरचंही नेहमीचं लक्षण आहे आणि नुसत्या पेट्रोल गाडीत मी आधी त्याच्याकडेच बघितलं असतं. इथे नाही. इथे दोष पेट्रोलच्या लाइनमध्येच आहे.

आता असं करा. एकाला सीटवर बसवा, चावी ऑन करायला सांगा, तुम्ही मागे कान लावा. बऱ्याच गाड्यांना चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद पंप फिरून थांबतो, काहींना सेल्फ मारतानाच फिरतो, म्हणून दोन्ही वेळेला ऐका. मग सीटखालच्या कनेक्टरला मल्टीमीटर लावून सेल्फ मारताना आणि इंजिन चालू असताना व्होल्टेज बघा. कनेक्टर जोडलेला असतानाच, मागून पिना घालून. कनेक्टर काढून मोजलं तर लोड नसल्यामुळे सडकी वायर पण बारा दाखवते आणि तुम्ही फसता. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा-चौदा असतील तर पंपावर त्याच्या आसपासच पाहिजेत. दोन-तीन व्होल्ट वाटेत गायब असतील तर पंप निर्दोष असू शकतो.

सकाळच्या लांब सेल्फसाठी अजून एक. चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा आणि मग सेल्फ मारा. पटकन लागली तर रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरून जातंय, म्हणजे पंपातला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा) किंवा रेग्युलेटर, नाहीतर एखादा गळका इंजेक्टर.

ओळखीत कोणाकडे फ्युएल प्रेशर गेज असेल तर लावून बघा, ह्या गाडीला साधारण ३ ते ३.५ बार असायला हवं आणि रेस केल्यावर ते पडता कामा नये. गेज न लावता साडेआठ हजार सांगणं मला पटत नाही.

पद्मिनीवाले_काका

मॅडम बरोबर सांगतायत. आमच्या काळात हे सोपं होतं. पद्मिनीचा पंप इंजिनाच्या अंगाला बाहेरच, कॅमवर चालणारा, वायरचा संबंधच नाही. दोन नट काढले की हातात. बोर घाटात उन्हाळ्यात गाडी गरम झाली की पेट्रोलची पाइपातच वाफ व्हायची, पंप नुसता हवेवर धडपडायचा, मग बाजूला लावायची, पंपावर ओलं फडकं टाकायचं, चहा प्यायचा, निघायचं. खंडाळ्याला प्रत्येक वळणावर कोणीतरी बोनेट उघडून उभा असायचा.

इथे कोणाकडे अजून कार्ब्युरेटरची ८०० किंवा पद्मिनी असेल तर दोन गोष्टी लिहून ठेवतो. एक म्हणजे ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि ऑइलची लेव्हल वाढलेली दिसली तर पंपाचा डायफ्रॅम फाटलाय, पेट्रोल चेंबरमध्ये उतरतंय. तशी गाडी चालवू नका, बेअरिंगं जातील. डायफ्रॅम आणि ऑइल दोन्ही बदला. दुसरं, पंप परत बसवताना खालचं पॅकिंग पहिल्याच जाडीचं घाला. जाड घातलं तर दांडीचा स्ट्रोक कमी पडतो आणि नवा पंप पण पेट्रोल देत नाही, मग लोक दुकानदाराशी भांडायला जातात.

गॅसवर_गाडी

कराडकर दादा एक सांगा, टाकीत पेट्रोल किती ठेवता? खरं सांगा.

कराडकर_पुण्यात

खरं सांगायचं तर दोनशे-तीनशेचं टाकतो, दिवा लागला की परत. गॅस स्वस्त पडतो म्हणूनच किट बसवलंय ना.

गॅसवर_गाडी

तिथेच आहे सगळं.

मी किट बसवायच्या कामात होतो बरीच वर्षं, आता दुसरा धंदा आहे. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरवाल्या गाडीचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडलेला असतो. ते पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, मोटरच्या आतून तेच वाहत जातं, त्याला दुसरं वंगण नाही. आता लोकांना वाटतं गॅसवर टाकली की पंप बंद. नाही. किट फक्त इंजेक्टर बंद करतं. पंपाचा सप्लाय तोडायला वेगळा रिले घातला नसेल तर पंप गॅसवर पण फिरतच असतो, पेट्रोल कोणी घेत नाही म्हणून ते रेग्युलेटरमधून परत टाकीत, तिथून परत पंपात, तेच तेच फिरून गरम होत राहतं. टाकीत तीन-चार लिटर असेल तर किती गरम होईल बघा, वर पुण्याचा मे महिना. त्यात घाट चढताना गाडी मागे कलते, पेट्रोल एका बाजूला जातं, पंप मधेच हवा ओढतो. पंप मरायला अजून काय पाहिजे.

आता उलटी बाजू. काही किटवाले पंपाच्या वायरमध्ये कट मारून रिले घालतात. चांगली गोष्ट आहे, पण घाईत वायर नुसती पिळतात आणि वर काळी टेप. पाच-सहा वर्षांनी टेपचा डिंक सुटतो, तांबं हिरवं पडतं. मग पंपाला करंट पोचत नाही आणि दोष पंपाला. तेव्हा आधी तो रिले आहे का शोधा, बहुतेक डॅशबोर्डच्या खाली किंवा किटच्या ईसीयूजवळ (किट चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बॅटरीच्या बाजूला.

नटबोल्ट_नाना

हे मला माहीत नव्हतं राव, मला वाटायचं गॅसवर टाकली की पंप झोपतो.

हिंजवडी_हायवे

हे सगळं इथेनॉलमुळे आहे. २०२३ पासून ई-ट्वेंटी आलं तेव्हापासून माझ्या सोसायटीत तीन जुन्या गाड्यांचे पंप गेले. आपल्या गाड्या त्याच्यासाठी बनलेल्याच नाहीत.

आयटीआय_वर्कशॉप

थोडं खरं, थोडं घाईचं. २००७ ची गाडी वीस टक्के इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून बनलेली नाही हे खरंच. जुनं रबर फुगतं, काही पाइप नरम पडतात. आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीत पावसाळ्याची ओल शिरली आणि तेच पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंपाची जाळी पण तळाशीच असते. रोज पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत टाकी फिरत राहते म्हणून हे सहसा होत नाही, गॅसवाल्यांच्या टाकीत होतं. पण सरसकट प्रत्येक पंप इथेनॉलने मेला असं म्हणणं म्हणजे गेज न लावता पंप गेला म्हणण्यासारखंच आहे.

कराडकर_पुण्यात

मोजलं. शनिवारी संध्याकाळी मुलाला सीटवर बसवून. बॅटरीवर १३.९, पंपाच्या कनेक्टरवर ९.६, आणि गाडी गरम झाल्यावर त्याहून खाली. म्हणजे चार व्होल्ट कुठेतरी खाल्ले जातायत. गॅसवर_गाडी म्हणाले तसा रिले सापडला, डॅशबोर्डच्या खाली फ्यूज बॉक्सच्या मागे लटकत होता, काळी टेप चिकट झालेली, आत वायरचा जॉइंट हिरवा, आणि रिलेच्या बेसची एक पिन तपकिरी जळलेली. प्लास्टिक वितळून वास येतोय. फोटो टाकायला गेलो तर अपलोड होत नाहीये.

आयटीआय_वर्कशॉप

बघा. ९.६ व्होल्टवर कुठलाही पंप रडणारच. आणि गरम झाल्यावर न उचलण्याचं पण उत्तर ह्यात असू शकतं, जळलेल्या पिनेचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतो. जॉइंट कापून नवीन वायर, सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह चढवा किंवा चांगला क्रिंप करा. रिले बेससकट बदला, नुसता रिले नको, जळकी पिन तशीच राहील. बॅटरीची निगेटिव्ह काढूनच. पंपाची अर्थिंग बॉडीला जिथे बोल्टने लागते तिथे गंज असेल तर घासून घ्या. मग परत मोजा.

कराडकर_पुण्यात

केलं सगळं. आता पंपावर १३.४ मिळतात. सेल्फ खूप सुधारला, गरम असताना पण लागते. पण काल मुद्दाम पेट्रोलवर टाकून दिवे घाटात नेली, चढावर झटके अजून आहेत, कमी झालेत पण आहेत. गेज एका ओळखीच्या गॅरेजमधून आणलं, आयडलला ३.२, आणि चढ असल्यासारखी जोरात रेस धरली की २ च्या खाली. घूं आवाज पण आहेच. म्हणजे आता उघडायला लागणार असं दिसतंय?

आयटीआय_वर्कशॉप

हो, आता उघडा. आयडलला प्रेशर येतं म्हणजे रेग्युलेटर बंद होतोय, मागणी वाढल्यावर पडतंय म्हणजे एकतर जाळी किंवा फिल्टर चोक किंवा मोटर दमलीय. बाहेरून ह्याच्यापुढे कळणार नाही.

स्पॅनर_दहाबारा

मी सँट्रो आणि ॲक्सेंट दोन्हीवर हे काम केलंय, सविस्तर लिहितो कारण इथे अर्धवट माहितीवर कोणीतरी भाजायला नको.

पहिलं म्हणजे जागा. सोसायटीच्या पोडियमखाली किंवा बेसमेंटमध्ये अजिबात करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते, आणि बेसमेंटच्या कोपऱ्यात पाण्याचा मोटर पंप ऑटो वर चालू होत असतो, त्याच्या स्विचची एक ठिणगी बास. उघड्यावर, सावलीत, चारी दारं आणि डिकी उघडी. ड्राय पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, पाण्याची बादली पेट्रोलला काही कामाची नाही. उजेडाला एलईडी टॉर्च आणि ती आधीच चालू करून ठेवा. वायरवाला बल्ब नको, पडून फुटला तर संपलं. वॉचमनकाकांना बिडी घेऊन बघायला येऊ देऊ नका, ते येतातच.

टाकीत पेट्रोल पाव भागापेक्षा कमी पाहिजे. तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही म्हणा. गॅसच्या सिलेंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा आणि किटचं बटण पेट्रोलवर, नाहीतर मधेच गाडी गॅसवर पलटी मारेल.

मग प्रेशर उतरवणं, हे लोक विसरतात. इंजिन पेट्रोलवर चालू करायचं आणि चालू असतानाच सीटखालचा पंपाचा कनेक्टर काढायचा. इंजिन लाइनमधलं पेट्रोल पिऊन आपोआप बंद पडेल. अजून एकदा थोडा सेल्फ मारा. मग चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह काढा. हे नाही केलं तर पाइप सोडल्याबरोबर तीन बारने पेट्रोल तोंडावर. चष्मा घाला तरीपण.

झाकण काढल्यावर लगेच पंप सोडू नका. त्या खड्ड्यात वर्षानुवर्षाची माती, वाळू, पोराबाळांच्या बिस्किटांचा चुरा असतो. ते सगळं ब्रशने आणि ओल्या फडक्याने आधी साफ करायचं, कारण पंप उचलला की ते थेट टाकीत पडतं. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा तर आत्ताच, टाकी उघडल्यावर त्याचं नाव पण काढू नका, त्याची मोटर वाफ आत ओढते आणि तिथेच ब्रशच्या ठिणग्या असतात.

पाइपाची क्लिप दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून सरळ ओढायची. अडकली तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, हे प्लास्टिक आता काडीसारखं मोडतं, पाइप आधी आत ढकला, मग दाबून बाहेर. खाली फडकं धरा, थोडं सांडतंच. मग कडेचे बारके बोल्ट, काही गाड्यांना बोल्टच्या जागी मोठी प्लास्टिकची रिंग असते, ती लाकडाच्या ठोकळ्याने टक टक करत फिरवायची, लोखंडी छिन्नी नको. काढायच्या आधी पंपाचं डोकं आणि टाकी ह्या दोघांवर मिळून मार्करने एक रेघ मारून ठेवा, बसवताना तोंड कुठे होतं ते कळतं.

असेंब्ली सरळ वर येत नाही. थोडी उचलायची, पेट्रोल निथळू द्यायचं, मग तिरकी करत फ्लोटची तार सांभाळून काढायची. तार वाकली की पेट्रोलचा काटा कायमचा खोटं बोलतो. बाहेर काढली की टाकीचं तोंड स्वच्छ कापडाने झाका. आणि हो, बाहेर काढलेला पंप चालतो का बघू म्हणून बॅटरीला लावू नका, एक तर कोरडा फिरवला की बुश जातात आणि दुसरं म्हणजे सगळीकडे वाफ असताना तुम्ही ठिणगी पाडताय.

नुसती मोटर बदलणार असाल तर तीन गोष्टी सोबत आणा. नवी जाळी, टाकीच्या तोंडाचं नवं रबर आणि मोटर ते डोकं हा छोटा पाइप. ते जुनं रबर बाहेर काढल्यावर फुगतं आणि परत खाचेत बसतच नाही, कितीही नाचलात तरी. तिथे सिलिकॉन लावून भागवू नका, ते पेट्रोलमध्ये टिकत नाही. आतला पाइप साधा पेट्रोल पाइप चालत नाही, बाहेरून पण पेट्रोलमध्ये बुडलेला राहणारा वेगळा येतो, त्यावर ३०आर१० असं छापलेलं असतं. बाहेरचा ३०आर९ दुकानदार तोच आहे म्हणून देतो, तो आत घातला तर काही महिन्यात मऊ पडून निसटतो आणि परत सगळं पहिल्यापासून. क्लिप पण गोल पट्ट्याची इंजेक्शनवाली घ्या, दात असलेली जुबली क्लिप पाइप चिरते.

बोल्ट परत लावताना आमनेसामने थोडे थोडे आवळा. बॅटरी जोडा, चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ, आणि सीट लावायच्या आधी टॉर्च मारून बघा कुठे ओल येतेय का. गाडी चालू करून पण बघा. मगच झाकण.

पद्मिनीवाले_काका

हे प्रिंट काढून ठेवतो. आम्ही तुमच्या वयात टाकी उघडताना तोंडाने नळी ओढायचो, आठवलं तरी घसा जळतो.

कराडकर_पुण्यात

झालं एकदाचं! सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर केलं. पप्पा एक्स्टिंग्विशर घेऊन खुर्चीवर बसलेले, पूर्ण वेळ.

पंप वर आला तेव्हा जाळी मूळ पांढरी असेल यावर विश्वास बसेना. काळपट तपकिरी, चहाच्या गाळणीला साय धरावी तसा चिकट थर, बोटाने चोळला तर सुटेना. टाकीच्या तळाशी टॉर्च मारला तर पाण्याचे थेंब गोळ्यांसारखे लोळत होते, मॅडम म्हणाल्या तेच. ते फडक्याने टिपून घेतलं, उरलेलं पेट्रोल धातूच्या जेरीकॅनमध्ये काढलं. मोटर हाताने फिरवून बघितली तर एका ठिकाणी अडत होती. नवी मोटर, जाळी, रबर, आतला पाइप सगळं मिळून गॅरेजच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात आलं. ३०आर१० पाइपसाठी मात्र नाना पेठेत दुकान दुकान फिरलो, प्रत्येक जण म्हणे हाच चालतो घेऊन जा, शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने वरच्या फळीवरून काढून दिला.

आता प्रेशर ३.४, रेस केली तरी तिथेच. आवाज गेला. दिवे घाट तिसऱ्या गिअरवर.

नटबोल्ट_नाना

अभिनंदन भावा. पण मला एक शंका आहे, जाळी एवढी चोक होती तर नुसती जाळी आणि ती वायर करून भागलं असतं का? मोटरचे पैसे उगाच गेले का?

स्पॅनर_दहाबारा

मी मोटर घातलीच असती. अडत होती म्हणतायत. परत सीट उचलायची, परत रबर नवीन, ते कोण करणार.

आयटीआय_वर्कशॉप

मी आधी जाळी बदलून प्रेशर बघितलं असतं, पण मला वर्कशॉप आहे, मोकळा प्लॉट आणि खुर्चीवरचे पप्पा नाहीत. चोक झालेल्या जाळीवर बराच काळ ओढून मोटर झिजते, त्यामुळे ह्या केसमध्ये बदलली ते चूक म्हणणार नाही.

काढलेल्या पेट्रोलचं काय केलंत? त्यात पाणी आहे, परत टाकीत ओतू नका, स्कूटरमध्ये पण नाही, आणि गटारात तर बिलकुल नाही. एखाद्या गॅरेजला द्या, ते पार्ट धुवायला वापरतात.

कराडकर_पुण्यात

हो, कोपऱ्यावरच्या टू-व्हीलरवाल्याने आनंदाने नेलं. एक नवीन लफडं आहे पण. टाकीत दहाच लिटर टाकलं तरी काटा अर्ध्याच्या वर जातो आणि घाट उतरताना रिकामा दाखवतो. असेंब्ली बसवताना रेघेला रेघ जुळवली होती.

गॅसवर_गाडी

काटा रिकामा दाखवतो म्हणून तरी आता तुम्ही पेट्रोल भरत जाल, राहू द्या की!

स्पॅनर_दहाबारा

फ्लोटची तार. आत घालताना नवा पाइप किंवा वायर तिच्या वाटेत आली असणार, किंवा फ्लोट टाकीच्या भिंतीला घासतोय. नवी जाळी जुन्याच्याच दिशेला बसवलीत का? ती थोडी फिरली तरी फ्लोट तिच्यावर टेकतो. परत उघडायला लागेल, पण ह्यावेळी मोटरला हात नाही, नुसतं उचलून, फ्लोट हाताने वरखाली करून बघा कुठे अडतो, सरळ करा आणि घाला. रबर नवीनच आहे, पटकन केलंत तर तेच बसेल, फार वेळ बाहेर उघडं ठेवू नका. प्रेशर परत उतरवूनच, आणि टाकीत आता दहा लिटर आहे, तेव्हा आधी थोडं चालवून संपवा.

कराडकर_पुण्यात

जाळी थोडी फिरली असणार, बसवताना ताठ वाटत होती. ठीक आहे, पेट्रोल खाली आलं की बघतो. पप्पांना अजून सांगितलं नाहीये.